पहिलं बाळंतपण माहेरी

सेक्टर २२, चंदीगड
९ फेब्रुवारी १९९२

प्रिय निशू,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू दचकली असशील. दर वेळी चार पानं बाबा लिहितात आणि खाली उरलेल्या कोपऱ्यात मी "जपून राहा, डोक्याला तेल लाव" एवढं खरडते, हा आपल्याकडचा शिरस्ता. या वेळी उलटं झालंय म्हणून घाबरू नकोस. बाबा ठणठणीत आहेत. समोर गच्चीवरच्या उन्हात किन्नू संत्री सोलत बसलेत, आणि मी काय लिहितेय ते मान लांब करून बघताहेत. त्यांना मी बघू देत नाहीये. तेव्हा आधी पाय वर घेऊन नीट बस आणि मग वाच.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. त्यात प्रश्न एकच आहे, पण तू तो पानापानावर विचारला आहेस. तिकीट कधीचं काढू? सातवा लागला, पुढे विमानवाले बसू देणार नाहीत, पहिलं बाळंतपण माहेरीच असतं, मग तुम्ही दोघं गप्प का? वर "तुम्ही नाही कळवलंत तर मी आपली निघून येईन" अशी धमकीही आहे. या प्रश्नाचं उत्तर द्यायलाच मी बसले आहे. पण ते मी माझ्या रीतीनं देणार. मधली पानं टाकून शेवटाकडे उडी मारलीस तर माझ्याशी गाठ आहे. लहानपणी गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायचीस, तसलं इथे चालायचं नाही.

आधी तुझ्या तक्रारी घेऊ. न्हाणीघरात खेकडे येतात. दुपारी चार पावलं चाललं की परकर पायाला चिकटतो. कपडे वाळत नाहीत, मीठ ओलं होतं, पापड मऊ पडतात. दिवे कधी जातील याचा नेम नाही. अविनाशराव सकाळी नारळाच्या बागांमध्ये रोगट झाडं शोधायला जातात ते संध्याकाळी येतात, आणि आल्यावर त्यांच्याकडे झाडांवाचून दुसरा विषय नसतो. समुद्रापार तुझं ते पंगानी म्हणजे नदीच्या मुखाशी एक रस्ता, दोन दुकानं, एक मशीद, पलीकडच्या काठावर जाणारी फेरी, आणि बाकी सगळा नारळ. शेजारच्या बायका ओट्यावर बसून हाका मारतात, तुला भाषा येत नाही, म्हणून तू हसतेस आणि दार लावून घेतेस. मग खिडकीत बसून चंदीगडची आठवण काढतेस. सरळ रस्ते आठवतात, थंडी आठवते, सेक्टर सतराच्या कारंज्यापाशी तू आणि पम्मी खायचात त्या गोलगप्प्यांचीसुद्धा आठवण येते. हे सगळं मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मला हसू आवरेना. तू म्हणशील, मुलगी रडतेय आणि आई हसतेय. सांगते का ते.

मी लग्न होऊन चंदीगडला आले ती ऐन डिसेंबरात. आंजर्ल्याची मुलगी मी. खाडी होडीतून ओलांडली की नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यापलीकडे समुद्र, एवढंच माझं जग. इथे आले तर रस्त्यांना नावं नाहीत, आकडे. घरांना आकडे. कुणाला पत्ता सांगताना "देवळामागे, आंब्याच्या खाली" असं काही म्हणायची सोयच नाही. नारळ मिळायचा तो फक्त पूजेचा, आत खोबरं बहुतेक खवट. मासे नाहीत. समुद्र कुठल्या दिशेला आहे हेसुद्धा कळेना. तुझे बाबा सकाळी ऑफिसला गेले की मी रजई पांघरून बसायची आणि दार वाजलं तरी उघडायची नाही. खालच्या मजल्यावरच्या सरदारणी जिन्यात दिसल्या की हसायची आणि सटकायची. कुठे वाचल्यासारखं वाटतंय ना?

मग एक दिवस खोबरेल थिजलं. माझ्या आईनं घरच्या खोबऱ्याचं काढून दिलेलं तेल, काचेच्या बाटलीत. आमच्याकडे पौषात फार तर कडेला थोडी कणी धरायची. इथे सकाळी बघते तर अख्खी बाटली पांढरी, घट्ट. मला वाटलं, नासलं. मग वाटलं, ऊब दिली तर सुटेल. म्हणून मी शहाणीनं ती बाटली थेट स्टोव्हवर धरली. दुसरं काय व्हायचं? बाटली तडकली, तेल ओट्यावर, साडीवर, जमिनीवर. आणि मी भोकाड पसरलं, अगदी लहान पोरीसारखं, आई आई म्हणून. खालून एक बाई धावत आली. ती हरबन्स. तिला वाटलं घरात कुणी गेलं. "की होया नी? कौन मर गया?" म्हणून ती प्रत्येक खोलीत डोकावून आली. कुणी मेलेलं नाही, तेल सांडलंय हे कळल्यावर तिनं बाह्या वर सारल्या. काचा बाजूला केल्या, ओट्यावरचं तेल ओंजळीत गोळा केलं, मला पाटावर बसवलं आणि ते सगळं माझ्या डोक्यावर थापलं. मग उन्हात नेऊन केस विंचरून दिले. मला तिची भाषा कळत नव्हती, तिला माझी. संध्याकाळी तिनं वाटीभर सरसोंचं साग पाठवलं. ते मला अजिबात आवडलं नाही. पण भांडं रिकामं परत करायचं नाही ही आपली रीत, म्हणून मी त्यात शिरा घातला. तिच्याकडेही तीच रीत निघाली. दुसऱ्या दिवशी वाटी पुन्हा भरून वर आली. ती वाटी अजून जिन्यावरून वर-खाली करतेय, निशू. मुळात ती कुणाची होती हे आता आम्हां दोघींना आठवत नाही. तू आणि तिची पम्मी त्याच वाटीतलं खाऊन वाढलात, आणि सागाशिवाय माझी थंडी सरत नाही.

आता तुझं पत्र पुन्हा वाच. खाडी, होडी, नारळ, खारा वारा, मऊ पडणारे पापड, न्हाणीतले खेकडे. अगं, तू परदेशी गेली नाहीस, तू माझ्या गावाला गेली आहेस! चंदीगडात जन्मून वाढल्यामुळे तुला ओळखू येत नाही एवढंच. शेजारणी विळीसारखं पातं लावलेल्या लाकडी पाटावर बसून नारळ किसतात असं तू नवल म्हणून लिहिलंस. ती खवणी गं! आमच्याकडे घरोघरी असायची. त्या कसलेसे कंद नारळाच्या दुधात शिजवून खातात, तू नाक मुरडलंस. आम्ही करांदे तस्सेच खायचो. तिथे सुरमई मिळते आणि तू बिस्किटांवर दिवस काढतेस, हे वाचून तर मला तुझी कीव आली नाही, राग आला. ओल्या नारळाचं वाटण घाल, चिंचेचा कोळ घाल, तिखट जरा बेतानं. खेकडे येतात ते भरतीला येतात. न्हाणीच्या मोरीवर चपटा दगड ठेव, आपोआप थांबतील. मीठ चिनीमातीच्या बरणीत, वर तांदळाची पुरचुंडी. कपडे दुपारी वाळत नसतील तर सकाळच्या वाऱ्यावर टाक, खारा वारा दुपारनंतर येतो. ही सगळी विद्या माझ्याकडे पंचवीस वर्षं पडून होती. इथे कुणाला सांगू?

आणि ती शेजारीण. मामा सलमा. तिकडे आईच्या वयाच्या बाईला मामा म्हणतात हे वाचून बाबा दिवसभर हसत होते. तिनं वाडगाभर काहीतरी पाठवलं आणि तू ते "नको, नको" करून परत पाठवलंस. भरलेलं परत! मी तुला हे शिकवलं? आज संध्याकाळी, बरं वाटत असेल तर, थोडा गोडाचा शिरा कर आणि तिच्या ओट्यावर जाऊन बस. भाषा येत नसली तरी चालेल. नारळ खवायला लाग. हात बघून तिला कळेल की तू काय आहेस ते. परक्या गावात माणसाला एक दार लागतं, एकच, पण ते आपण उघडावं लागतं. मला एवढं नशीब मिळालं की माझं दार दुसरीनं ढकललं.

आता इकडची बातमी. थंडी ओसरतेय, दुपारचं ऊन गोड लागतं. निवडणुका लागल्या आहेत, त्यामुळे पोलीस आणि फौज जागोजागी. बावीसच्या बाजारात शिरताना पिशवी उघडून दाखवावी लागते, बाबांच्या स्कूटरची डिकी रोज दोनदा उघडली जाते. बाबा त्यात मुद्दाम मुळा-गाजरं भरून ठेवतात आणि शिपायाला म्हणतात, "लो जी, देख लो बारूद." मी एक दिवस कपाळाला हात लावून घेतला. असली चेष्टा करायचे हे दिवस आहेत का? पण तो शिपाई हसला आणि एक गाजर मागून घेतलं. तोही बिचारा कुठल्या तरी आईचा, घरापासून लांब उभा असलेला. दुकानं दिवेलागणीला बंद होतात. बसस्टँडवर अंधारानंतर चिटपाखरू नसतं. बाकावर कुणाची पिशवी विसरलेली दिसली की सगळे उठून लांब जातात. एवढंच. बाबा तुला लिहितात तसं "सर्व काही नेहमीसारखं" आहे. पण या नेहमीला आता आम्ही इतके सरावलो आहोत की जुनं नेहमीचं कसं होतं ते आठवावं लागतं.

बाबांचं म्हणशील तर त्यांनी तुझी खोली रंगवून घेतली आहे. कुणाला न विचारता मोहालीच्या सुताराकडून शिसवी पाळणा करून आणला. तो जिन्यातून वर चढेना, म्हणून पाय काढून चढवला आणि पुन्हा बसवताना एक उलटा बसवला. आता तो एका बाजूला कलतो. त्यात त्यांनी रविवारी माझी उशी ठेवून झोके देऊन पाहिले. त्यांच्या मते प्रश्नच नव्हता. मुंबईहून दिल्ली, दिल्लीहून गाडी, वाटेत पंजाब लागतो तो नावापुरता, चंदीगडला उतरली की पीजीआय दहा मिनिटांवर, देशातले नावाजलेले डॉक्टर. मग मुलगी तिकडे नारळाच्या बागेत का बाळंत व्हावी? "आपण घाबरलो म्हणजे त्या अतिरेक्यांचं फावलं," असं ते मला सुनावायचे. सासरी जा म्हणावं तर साताऱ्याला तुझ्या सासूबाई गेल्यापासून घराला कुलूप आहे. म्हणजे उरलं माहेरच. बाबांचं एकही वाक्य खोटं नाही. म्हणूनच त्यांच्याशी भांडणं इतकं कठीण गेलं.

आम्ही भांडलो, निशू. महिनाभर भांडलो. तुला उत्तर आलं नाही ते त्यामुळे. मी म्हणायची, कळा काय डॉक्टरांना विचारून दिवसाढवळ्या येतात? अंधार पडल्यावर स्कूटर-रिक्षावाला मिळत नाही, नाक्यावर गाडी थांबवली तर किती वेळ थांबेल ते देवाला ठाऊक. ते म्हणायचे, शहरात इतक्या बाया बाळंत होतात त्या काय हवेतून जातात? होतात, खरंय. बहुतेक सुखरूप होतात. मी त्यांना आकडेवारीत हरवू शकत नव्हते, आयुष्यभर हिशेब तपासलेला माणूस तो. माझ्याकडे एकच गोष्ट होती आणि ती मी त्यांच्यासमोर बोलत नव्हते, कारण ती त्यांना माहीत होती आणि त्यांनी मनाच्या तळाशी दाबून ठेवली होती. मी पण तुझ्यापासून दाबली.

तू दोन पत्रांत विचारलंस, पम्मीला काय झालं? मुलगा की मुलगी? माझ्या पत्राला उत्तर का देत नाही ती? तिला म्हणावं, आई झाली म्हणून एवढा भाव खाऊ नकोस. बाबांनी प्रत्येक वेळी दुसरंच काही लिहिलं. पोटुशीच्या कानावर वाईट घालू नये असं आपल्यात म्हणतात. मी ते पाळलं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा पाळीन. पण आता नाही सांगितलं तर तू तिकीट काढून येशील. आणि हे सांग असं मला पम्मीनंच सांगितलंय. ती जानेवारीपासून खाली हरबन्सकडेच आहे. आल्यावर थोड्याच दिवसांनी तिनं जिन्यात बाबांना तिकिटाबद्दल बोलताना ऐकलं. संध्याकाळी वर आली, माझ्याजवळ बसून मटार सोलायला लागली आणि म्हणाली, "आंटी, निशी को सच बता दो. नहीं तो वो आ जाएगी." मग तुझी तोवरची पत्रं मागून घेतली, ओट्यावर बसून माझ्याकडून त्यांचा अर्थ लावून घेतला आणि न्हाणीतल्या खेकड्यांपाशी हसली. किती महिन्यांनी हसली म्हणून सांगू! खालून हरबन्स बघायला आली.

पम्मी नोव्हेंबरात यायची होती बाळंतपणाला. त्यांच्यातही पहिलं माहेरी, पेक्यांकडेच असतं. सासर बटाल्याच्या बाजूचं. सकाळी जावई तिला गाडीत घालून निघाले, दुपारी जेवायला इथे पोचायचे. वाटेत पुढे कुठेतरी गोळीबार झाला, रस्ता बंद केला, ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली. कुणाला दोष देऊ? नाक्यावरच्या जवानांना पुढचं काही माहीत नव्हतं, त्यांनी पाणी आणून दिलं. दिवस बरेच शिल्लक होते, पण हादऱ्यानं म्हणा, भीतीनं म्हणा, कळा सुरू झाल्या. गाडी वळवून जवळच्या गावात नेली तोवर अंधार पडला होता. अंधारात दार वाजलं तर तिकडे कुणी उघडत नाही. बाहेर कोण आहे, कुठल्या वेषात आहे, आतल्यांनी कसं ओळखावं? तीही भ्यालेली माणसंच. कितीतरी दारांनंतर एका म्हाताऱ्या बाईनं दार उघडलं. तिनं तिला जमेल ते सगळं केलं. पम्मी वाचली. मुलगी झाली होती. ती राहिली नाही.

हरबन्स त्या दिवशी दुपारपासून खाली फाटकात उभी होती. मी दोनदा आत ये म्हणून सांगून आले. "बस, आते ही होंगे," म्हणायची. आत बाळंतिणीसाठी पंजीरी भाजून डबे भरलेले, खोलीत शेगडी तयार. त्यानंतर ती बोलायचीच थांबली, फक्त विणायची. आता तुला हे कळलं की तिच्या स्वेटरांवर तू हसणार नाहीस. मागच्या महिन्यात तिनं मला लोकरीची टोपडी, मोजे, दोन स्वेटर आणून दिले, तुझ्या बाळंतविड्यात ठेवायला म्हणून. मी म्हटलं, अगं तिकडे घामाच्या धारा लागतात, लोकर काय करायची? म्हणाली, "समुद्र है, हवा तो चलती होगी." सुरुवात तिनं कुणासाठी केली होती ते मला माहीत होतं. मी घेतले आणि दुपट्यांच्या खाली ठेवून दिले. बाबांना दाखवले तेव्हा त्यांनी एक मोजा आपल्या बोटावर चढवून पाहिला, आणि त्या दिवसानंतर त्यांनी तिकिटाचं नाव काढलं नाही.

तेव्हा ऐक, निशू. तू येऊ नकोस. मी येतेय. मागच्या वर्षी तुमच्याकडे सहलीला यायचं म्हणून पासपोर्ट काढले आणि बाबांना रजा मिळाली नाही, तो पासपोर्ट आता कामाला येतोय. पिवळ्या तापाची सुई दिल्लीला जाऊन टोचून आले, दंड अजून दुखतोय. चौदा मार्चचं मुंबईहून विमान आहे, अविनाशरावांना आजच तार करतोय. बाबांना मार्चअखेर सोडून निघता येणार नाही. ते मे महिन्यात येतील, तोवर त्यांची पोळीभाजी हरबन्सकडे. ती म्हणाली, "भाईसाहब की रोटी की चिंता तू मत कर." डिंक, अळीव, बाळंतशेपा, वेखंड सगळं आणतेय. अळिवाच्या लाडवाला ओला नारळ लागतो, तो तिथे अंगणात आहे, इथे सुक्या खोबऱ्यावर भागवावं लागलं असतं. पाऊस लागून रस्ता खराब व्हायच्या आत आपण दोघी टांगा शहरात जाऊन राहू, तुझ्या त्या उंच, हसऱ्या डॉक्टरीणबाईंच्या इस्पितळाजवळ. खोलीचं बघून ठेवा. मलेरियाच्या गोळ्या चुकवू नकोस, मच्छरदाणीचं भोक आजच शिव. मी विमानात कधी बसलेले नाही, इंग्रजी मला पत्त्यापुरतंच येतं, आणि तुझ्या बाबांना मागे ठेवून निघताना माझा जीव अर्धा इथे राहणार आहे. भीती वाटते, लपवत नाही. पण हे मी ठरवलं ते भीतीनं नाही. पम्मीचं झाल्यावर कितीतरी दिवसांनी हरबन्स पहिल्यांदा बोलली ती माझ्याजवळच बोलली, या गच्चीवर, याच उन्हात. "रीत है ना शशी, कि कुड़ी पेके आएगी. मैं पंजीरी बना के गेट पे खड़ी रही. मुझे जाना चाहिए था." तेव्हापासून मला ते फाटक दिसतं आणि त्यात कधी ती असते, कधी मी. मला फाटकात उभं राहून तुझी वाट बघायची नाही गं. तू तिथेच थांब, पाय वर घेऊन बस. मी निघालेय.

तुझीच, पिशव्या भरत असलेली,
आई